भरतीच्या दिवशीचा जाड स्वेटशर्ट

मी एक जाड सुती स्वेटशर्ट बोलतोय. मान वर करून सांगावं असं माझ्याकडे काही नाही, तरी सांगतो.

मी शुद्ध कापसाचा. इतका वजनदार, की दुकानदार मला फळीवरून दोन्ही हातांनी उतरवायचा. त्याचा मला कोण माज! शेजारच्या खणात पळण्याचे पातळ, सुळसुळीत शर्ट होते. फुंकर मारली तर उडतील, हे कसली थंडी अडवणार, असं मी मनात म्हणायचो.

मला घेतलं ते रजया भरणाऱ्या एका बाबांनी. चाळीस वर्षं त्यांनी कापूस तोलून ऊब ठरवली होती. "हाताला जड, ते अंगाला गरम," हा त्यांचा कायदा. त्यांची मुलगी चांगली पावणेसहा फुटांची, पण घरात अजून 'चिमणी'च. अग्निशमन दलात जायचं तिने मनावर घेतलं होतं. वयाच्या अटीमुळे यंदाची भरती शेवटची.

भरतीच्या सकाळी बाहेर दात वाजत होते. बाबांनी तिच्या पिशवीतला पातळ शर्ट काढला आणि मला पुढे केलं.

"बाबा, पळताना घाम येतो. सुती कपडा वाळत नाही लवकर."

"तू मला कापूस शिकवणार? घाल गपचूप. एवढ्या थंडीत चिंधी घालून पळतात का?"

तिने एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला घातलं. मी खुशीत फुगलो.

लांबची धाव तिने झोकात पूर्ण केली. तिचा सगळा घाम मी अधाशासारखा पिऊन घेतला. मग दुसऱ्या धावेसाठी पाऊण तास मैदानावर थांबायचं होतं. वारा सुटला. मी ओलाचिंब, बर्फासारखा गार, तिच्या पाठीला चिकटून बसलो. मला काढावं तर आत फक्त बनियन. ती कुडकुडायला लागली, ओठ निळे पडले. पातळ शर्टातल्या मुली तोवर वाळल्याही होत्या.

दुसऱ्या धावेत तिच्या पोटऱ्या आखडल्या. दोन सेकंदांनी तिची भरती हुकली. तेव्हा मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

घरी तिने वाऱ्याला दोष दिला. बाबांना ते पटेना. दुसऱ्या दिवशी मला अंगात घालून ते साठीतले गृहस्थ गल्लीत पळाले! घामाघूम झाल्यावर मुद्दाम कोपऱ्यावर वाऱ्याला उभे राहिले. परतले तेव्हा त्यांना दाराची कडीही धरवेना.

तिने मला त्यांच्या अंगातून ओढून काढलं आणि पंच्याने त्यांची पाठ खसाखसा पुसली.

"पोरी, घात केला गं मी तुझा."

"मला ठाऊक होतं, बाबा. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून घातला."

हे ऐकून बाबा खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मीही तिथेच जमिनीवर पडलो होतो, ओल्या बोळ्यासारखा. त्या दोघांच्या मायेत माझा माज मिसळला आणि पोरीची नोकरी हुकली.

ती अजूनही पळते, पातळ शर्टात. मी खुंटीवर असतो. थंडीत पळायला निघालात तर माझ्या वजनाला भुलू नका, आणि घरातल्या कुणी प्रेमाने मला पुढे केलं तर स्पष्ट नाही म्हणा. आम्हाला दोघांनाही, मला आणि देणाऱ्याला, तेवढं वाईट वाटलेलं सोसेल.