तलाव रिकामा करू नका

धाकटीच्या घरामागचा पोहण्याचा तलाव रोज चार बोटं उतरत होता. पाणी उतरलं की जावईबापूंचा पारा चढे, आणि पारा चढला की हात.

फोनवर ती एवढंच म्हणाली, "ताई, गळती शोधून दे गं. यांना वाटतं मीच कुठलातरी नळ उघडा ठेवते."

मी वीस वर्षं लोकांच्या तलावांच्या गळत्या शोधतेय. धाकटीला त्या घरातून बाहेर काढायचं, हे आठ वर्षांत चार वेळा ठरवलं होतं, आणि चारही वेळा ती फाटकापर्यंत येऊन परत फिरली होती. या वेळी निदान बोलावणं तरी तिचं होतं.

पहिल्या दिवशी मी नेहमीचंच केलं. तलावाच्या पाण्याने बादली भरून ती दुसऱ्या पायरीवर ठेवली. बादलीतल्या पाण्याच्या रेषेवर एक पट्टी चिकटवली, बाहेरच्या रेषेवर दुसरी. उन्हाने पाणी उडेल ते दोन्हीकडे सारखंच. बाहेरचं जास्त उतरलं तर गळती नक्की. जावईबापू खुर्ची टाकून बघत होते.

"ताई, एवढं शिकून शेवटी बादलीच?"

"शिकले कुठे मी? जे काय शिकवलं ते बादलीनेच."

ते मनापासून हसले. त्यांचं हसू फार छान आहे, तीच तर पंचाईत. त्या हसण्याला आमचं अख्खं घर भुललं, सगळ्यांत आधी आई. तेवढ्यात धाकटी चहा घेऊन आली. थोडा बशीत सांडला. जावईबापूंनी हसणं न थांबवता कप उचलला आणि कुंडीत पाणी घालावं तसा तो गरम चहा तिच्या हातावर ओतला.

"बघा ताई, हीसुद्धा गळते."

मी उठले. धाकटीने मान हलवली, बस म्हणून. मी बसले. ते बसणं मला अजून खुपतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बादलीतलं पाणी नखभर उतरलं होतं, तलावातलं चार बोटं. काठाजवळची हिरवळ पायाखाली पचपचत होती. दोन महिने झिरपलेलं पाणी कुठेच गेलं नव्हतं. तलावाभोवतीच्या चिकणमातीत साठून बसलं होतं. मी पोहण्याचा चष्मा चढवून पाण्याखाली गेले आणि जांभळ्या रंगाची सिरिंज भिंतीच्या कडेकडेने फिरवली. सगळीकडे रंग धुरासारखा तरंगत राहिला. पाण्याखालच्या दिव्यापाशी मात्र त्याची बारीक धार झाली आणि आतून कोणीतरी हाक मारल्यासारखी दिव्यामागे निघून गेली. मी दिवा काढला. मागच्या वायरच्या नळीला ड्रिलने भोक पडलं होतं.

"हा दिवा कोणी बसवला?" वर येताच मी विचारलं. कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारते तसंच, धाकटीच्या देखत. तिचा चेहरा बघितला आणि चूक कळली.

"मीच," जावईबापू म्हणाले. "टॉवेल घ्या ताई, थंडी वाजेल." आणि धाकटीला दंडाला धरून आत घेऊन गेले.

मी ओलीच धावले. स्वयंपाकघरात ते तिचं डोकं फ्रीजच्या दारावर आपटत होते, अजिबात घाई न करता. मी ओट्यावरचा तवा उचलला आणि त्यांच्या पाठीत घातला. तिथेच माझ्या मनातलं अहो-जाहो संपलं. त्याने वळून मला ढकललं. टेबलाचा कोपरा बरगडीत गेला, आणि आत काहीतरी काटकीसारखं मोडलेलं मला ऐकू आलं.

"तुमची बादली खोटी, तुमचा रंग खोटा," तो म्हणाला. "तलाव रिकामा करतो आणि तडा स्वतः बघतो."

"रिकामा करू नका," मी जमिनीवरूनच म्हणाले. "खालची माती पाण्याने फुगलीय. आतलं पाणी आहे म्हणून तलाव बसून आहे. ते काढलंत तर खालचं पाणी त्याला होडीसारखा वर उचलेल."

त्याने धाकटीच्या थोबाडीत मारली. "काय उचलेल?"

मी पुन्हा सांगितलं. या वेळी तिच्या कानावर मूठ बसली. मी बोलले की मार तिला पडत होता. तिसऱ्यांदा मी तोंड उघडलं नाही. तिला वाचवायला गप्प बसले म्हणाल, तर ते खोटं नाही. पण तेवढंच होतं असंही नाही.

दोघींचे फोन त्याने शर्टाच्या खिशात घातले. पंप दुपारपर्यंत धडधडत राहिला. तळ दिसला तसा त्याने शर्ट काढून खुर्चीवर टाकला, घण उचलला आणि तो पायऱ्या उतरायला लागला. दुसऱ्या हातात धाकटीचं मनगट होतं. हे मी हिशेबात धरलंच नव्हतं.

"तिला वर सोड," मी ओरडले. "सांगितलं ना, उचलेल तो."

"छिन्नी कोण धरणार मग? तुमची बादली?"

धाकटीने दिव्याच्या भोकापाशी छिन्नी धरली. पहिला घाव छिन्नीवर पडला, दुसरा तिच्या बोटांवर. तो मुद्दाम होता. मारण्याआधी त्याने माझ्याकडे बघून घेतलं होतं. तिसरा पडलाच नाही. खालून एक धक्का बसला आणि सगळा तलाव वीतभर वर आला. तळ मधोमध फाटला. काठाच्या फरशा सुटून आत कोसळल्या. एक त्याच्या नडगीवर आली आणि पाय फरशीखाली अडकला. फटीतून गढूळ पाणी उसळायला लागलं.

मी जाळीची लांब दांडी खाली सोडली. धाकटीने ती पकडली. त्याने धाकटीचा घोटा पकडला.

"मला टाकून जातेस?" तो म्हणाला आणि तिला मागे ओढलं. ती गुडघ्यांवर पडली. दांडी सुटली.

छिन्नी तिच्या गुडघ्यापाशीच पडली होती; ती तिने धड हाताने उचलली. तिने ती त्याच्या मनगटावर मारली. पकड सुटली नाही. पुन्हा मारली. तिसऱ्या वेळी हाड मोडल्याचा आवाज वर माझ्यापर्यंत आला, आणि तो जनावरासारखा किंचाळला. धाकटी हातापायांवर रांगत पायऱ्या चढून वर आली, खुर्चीवरच्या शर्टातून फोन काढला आणि रुग्णवाहिकेला त्या घराचा पत्ता नीट, दोनदा सांगितला. खाली पाणी त्याच्या कंबरेपर्यंत येऊन थांबलं.

मागोमाग पोलीसही आले. त्याला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा वहीवाली पोलीसबाई म्हणाली, "पाय फरशीखाली गेला, ते कळलं. मनगटाचं काय?"

तो धाकटीकडे बघत होता. ती काय बोलेल याची त्याला पहिल्यांदाच वाट बघावी लागत होती. मीच मारलं म्हणून सांगायला मी पुढे झाले. धाकटीने सुजलेल्या हाताने मला मागे सारलं.

"मी मारलं," ती म्हणाली. "छिन्नीने. तीनदा."

पोलीसबाईने मान वर केली. धाकटीचा फुटलेला कान, चेचलेली बोटं, हातावरचा भाजल्याचा डाग, सगळं एकेक करून बघितलं. मग लिहून घेतलं.

"आणि आता कुठे राहणार? पत्ता लागेल."

"हिच्याकडे."

मी पत्ता सांगायला लागले. त्याची गरज नव्हती. धाकटीला तो पाठ होता, जिना आणि मजल्यासकट.