बुडालेल्या गलबताची साक्ष

"नोव्हेंबरातलं हे वादळ संशयितांत टाक," गायधनी साहेब म्हणाले आणि त्यांनी पुढचा नकाशा ओढला.

फारुखचा हात हललाच नाही. साहेब वेधशाळेतून पेन्शन घेऊन नाशकात राहायला आले होते आणि अरबी समुद्रातल्या जुन्या वादळांची प्रतवारी करायचं खूळ त्यांनी डोक्यात घेतलं होतं. गुडघाभर गोदावरीला गंगा म्हणणाऱ्या गावात बसून समुद्राच्या उचापती! नकाशावर रेघा ओढायला त्यांनी फारुखला ठेवलं होतं. दोन जहाजांच्या नोंदी जुळल्या की वादळ पक्कं, त्याच्या वाटेवर अखंड रेघ. नाही जुळल्या तर वादळ संशयित, त्याला तुटक रेघ.

"साहेब, खाजाचं गलबत ह्याच वादळात गेलं," फारुख म्हणाला.

साहेबांनी चष्मा काढला. खाजा म्हणजे फारुखच्या धाकट्या बहिणीचा, शकीलाचा नवरा. मुंबईहून बसऱ्याला निघालेल्या गलबतावर तो खलाशी होता. गलबत पोचलं नाही, परतलंही नाही. मय्यत नाही, जनाजा नाही. तीन वर्षं झाली, शकीला भावाच्या घरी बसून होती. मालेगावचा हारुन नावाचा बिजवर विणकर तिच्याशी निकाहाला तयार होता, पण काझीसाहेब म्हणाले, बेपत्ता म्हणजे मेलेला नव्हे, पहिला निकाह कायम आहे. त्या दिवशी त्या पाण्यात वादळ होतं असं कुणी जाणत्यानं सहीनिशी लिहून दिलं, तर मात्र खाजाला मयत धरू. तेव्हापासून फारुख ह्याच नकाशाची वाट पाहत होता.

"मला कळतंय रे," साहेब म्हणाले. "पण नोंद एकाच आगबोटीची आहे. दुसरी कुठाय?"

"दुसरं जहाज खाजाचंच होतं की!"

"मग त्याची नोंद दाखव."

"बुडालेलं गलबत नोंद कुठून पाठवणार, साहेब?"

"तेच तर. आज तुझ्यासाठी एक रेघ जोडली, तर उद्या बाकीच्या रेघांवर कोण विश्वास ठेवील?"

वा रे न्याय! जी जहाजं तरली त्यांची साक्ष खरी, जी बुडाली त्यांनी काही पाहिलंच नाही. म्हणजे ज्या वादळानं कुणालाच सोडलं नाही, ते वादळच नव्हे! साहेब दुष्ट नव्हते हो. दुष्ट असते तर त्यांना दोन शिव्या तरी हासडता आल्या असत्या.

साहेब जेवायला आत गेले. फारुखनं टाक बुडवला आणि तुटक रेघेतल्या फटी एकेक करून भरायला घेतल्या. शकीलाच्या निकाहाची रेघ होती ती. शेवटची फट राहिली होती, तोच साहेब हात पुसत बाहेर आले. त्यांनी नकाशा पाहिला. शाई खरवडायचं पातं त्याच्यापुढे सरकवलं.

आणि फारुखनं ती शाई खरवडली. स्वतःच्या हातानं. पोट असतं माणसाला, काय करणार?

घरी शकीला दारातच उभी होती. "दिली का सही, भाईजान?"

"नाही. एकाच बोटीची नोंद आहे म्हणतात."

"म्हणजे ते जिते आहेत?"

"तसंही म्हणत नाहीत."

"मेले नाहीत, जितेही नाहीत. मग मी कोण त्यांची?" शकीलानं विचारलं. हातपाय धुवायचं निमित्त करून फारुख परसात गेला आणि तिथं एकटाच रडला.

हारुन तरी किती थांबणार? त्याच्या आईनं चांदवडची मुलगी पसंत केली आणि ईदच्या आधी निकाह उरकूनही टाकला.

ईदच्या तोंडावर ठमाबाई कासारीण बांगड्यांची टोपली घेऊन मोहल्ल्यात आली. ओट्यावर बायकांचा घोळका जमला. शकीला मागे मागे राहत होती. ठमाबाईनंच तिचा हात ओढून घेतला आणि पंजा दाबून माप पाहिलं.

"नवरा कुठं असतो गं?"

बायका टोपलीतल्या बांगड्या चाळवू लागल्या. फारुख दारात होता, तो आत वळला.

"समुद्रावर," शकीला म्हणाली.

"मग अशा मोकळ्या हातानं काय बसतीस? लय दिवसांनी येतात ती माणसं. सवाशीण बाई तू, हात भरलेले पाहिजेत."

शकीलानं दुसराही हात पुढे केला.