डबीतलं पाणी

मला कोणी भित्री म्हटलं तर मी त्याची जीभ हासडीन. अठरा वर्षं प्रयोगशाळेत मातीतले अमीबे सांभाळतेय. एकाच पेशीचा जीव, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, चिमूटभर मातीत शेकड्यांनी. काचेच्या थाळीतल्या जेलीवर आम्ही त्याला जिवाणू चारतो. तो चरत जाईल तशी बारीक वाट उमटते. वाट दिसली की मी ओरडते, "आले गं माझे राजे!" प्रयोगशाळेचे सर म्हणतात, "बाईंना माहेरचं माणूस भेटलं."

घरात मात्र मातीला मज्जाव. बाहेरून आलं की आधी हात धुवायचे, आणि वस्तू कुठलीही असो, नळाखाली धरल्याशिवाय वापरायची नाही. लेक, म्हणजे आमची ठमी, एकोणीस वर्षांची झाली तरी माझं पालुपद चालूच, "हात धुतलेस?" ती वैतागायची, "धुतले गं बाई, आता सालं निघतील!"

सोमवारी ठमीचा उजवा डोळा लाल झाला. गुरुवारपर्यंत ती पडदे लावून, उशीत तोंड खुपसून बसायला लागली. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, व्हायरस आहे, थेंब घाला. मी तोंड उघडलं तर म्हणाले, "बाई, माती तुम्ही बघा, डोळा मला बघू द्या." आले मुकाट्याने घरी.

"आई, कोणीतरी आत सुई फिरवतंय," ती म्हणाली.

लाली थोडीशीच होती, दुखणं मात्र अचाट. हे मी कुठेतरी वाचलं होतं. कुठे ते आठवलं. ते माझ्याच कामाच्या पुस्तकात होतं, अमीबाच्या प्रकरणात, शेवटच्या पानावर. हा क्वचित कधी माणसाच्या डोळ्यातही शिरतो, तोही बहुधा लेन्स लावणाऱ्यांच्या.

ठमी लेन्स लावते.

बेसिनवरची तिची लेन्सची डबी मी पिशवीत घातली आणि तडक प्रयोगशाळा गाठली. डबीतल्या पाण्याचे दोन थेंब जेलीवर सोडले. थाळीवर चिठ्ठी नाही हे पाहून सरांनी विचारलं, "कुठला नमुना?"

"घरचा," मी म्हटलं.

पहिल्या दिवशी थाळी कोरी. दुसऱ्या दिवशीही कोरी. अठरा वर्षांत थाळी कोरी राहू दे म्हणून मी कधी कोणाच्या विनवण्या केल्या नव्हत्या, त्या केल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, आणि कडेपासून आत एक वाट गेलेली दिसली. तिच्या टोकाशी तो होता, सावकाश पसरत, जेवत. मी ओरडले नाही. सरांनीही पाहिलं आणि माझी पर्स माझ्या हातात दिली. "निघा," म्हणाले.

ठमीला घेऊन, थाळी मांडीवर धरून मी दवाखान्यात गेले. या खेपेला डॉक्टरांनी आधी थाळी पाहिली. "डबीत आहे म्हणून डोळ्यात असेलच असं नाही," म्हणाले, आणि डोळा बधिर करून बुबुळावरून कणभर खरवडून तपासायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. आहे.

"दर तासाला थेंब, मग महिनोन्महिने औषध. डोळा वाचेल असा शब्द देत नाही, पण लवकर आलात," डॉक्टर म्हणाले. मग ठमीकडे वळले. "डबी कशानं धुवायचीस?"

"नळाच्या पाण्यानं," ठमी म्हणाली. "दिवसातून दोनदा. आणि हात धुऊन लगेच, ओल्या हातांनीच लेन्स लावायची. आमच्या आईची शिस्तच आहे तशी."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. नळाच्या पाण्यातसुद्धा अमीबा असतो, हे मी दरवर्षी नव्या मुलांना शिकवते. पहिल्याच तासाला. घरी एकदाही सांगितलं नव्हतं. ठमी हसत होती, मला बरं वाटावं म्हणून.

घरी आल्यावर पहिला थेंब घालायला बसले. तिनं मान मागे टाकली, दुखरा डोळा कसाबसा उघडला आणि सवयीनं माझीच थट्टा केली, "हात धुतलेस ना गं?"

"धुतले," मी म्हटलं. "आणि कोरडे पुसले. तूही यापुढे पुसायचे, ठमे. चूक माझी होती."