भरलेल्या खोलीची शांतता

खरखर वहिनींना स्वतःला ऐकूच आली नव्हती, आणि गोष्टीची सगळी मेख तिथेच आहे.

वहिनी अंधांच्या ग्रंथालयासाठी घरी बसून पुस्तकं वाचून देत. मागची खोली, जाड पडदे, टेबलावर माईक, आणि टेबलाखाली नवऱ्याने एकेक भाग आणून स्वतःच्या हाताने जोडलेला कॉम्प्युटर. त्याची घरघर माईकमध्ये शिरू नये म्हणून वहिनींनी त्या पेटीसमोर जुन्या रजईचा आडोसा उभा केला होता. माणूस जाऊन वर्ष उलटलं, पण पेटी एक दिवस रुसली नाही. वहिनी रोज तिला हात लावून नमस्कार करत आणि मगच बटण दाबत. आवाज देवाने दिलेला, यंत्र नवऱ्याने दिलेलं. दोघांचं देणं वाचूनच फेडायचं, एवढं त्यांचं साधं गणित.

अशात ग्रंथपालबाईंचा फोन आला.

"वहिनी, रागावू नका हं. दीपगृहाच्या राखणदाराची गोष्ट तुम्ही फार छान वाचताय, पण आवाजात खरखर आहे. मध्येच कट्, कट्. आम्ही नवीन यंत्र घेतलंय ना, ते बारीकसारीक आवाजसुद्धा वर उचलतं. पुढचं प्रकरण स्वच्छ आलं नाही, तर मला पुस्तक दुसऱ्या कुणाकडे द्यावं लागेल."

"माझ्याकडे तर काहीच ऐकू येत नाही हो."

"एक आजोबा आहेत, जन्मापासून अंध. ते म्हणतात, खरखर नाही ती." बाई जराशा हसल्या. "ते विचारतात, बाईंच्या शेजारी कोण बसतं?"

वहिनींनी फोन ठेवला. टेबलाशेजारी वेताची एक खुर्ची होती. तिच्यावर आता धुतलेल्या कपड्यांचा ढीग असे.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजी आले. हे धाकटे दीर कॉम्प्युटरदुरुस्ती करायचे, आणि हातापेक्षा त्यांचं तोंड जास्त चालायचं. त्यांनी कपडे पलंगावर टाकले, खुर्ची ओढली आणि स्वतःचे हेडफोन कानाला लावले.

"वहिनी, तुमचे हेडफोन म्हणजे कानटोपी आहे नुसती. थंडीला बरे. माझ्यात ऐका."

वहिनींनी ऐकलं. वाक्य संपलं, श्वासाएवढी जागा आली, आणि त्या जागेत, दूरवर कोरडी काटकी मोडावी तसं, कट्. कट् कट्. पुढचं वाक्य सुरू झालं की गप्प.

"बोलताना नाही, थांबल्यावर," वहिनी हळूच म्हणाल्या.

"म्हाताऱ्या पेटीचं दुखणं. काम असलं की ताठ, काम थांबलं की सांधे वाजतात. सरळ सगळंच बदलू. बोर्ड, वीजपुरवठ्याचा डबा, साउंड कार्ड. दादाच्या वेळचं काय काय जपणार?"

"सगळं एकदम बदललं तर दोष कशात होता ते कळणार कसं? तुमचे दादा काय म्हणायचे? एका वेळी एकच वस्तू."

"तो गेला, पण त्याची शिस्त काही आमची पाठ सोडत नाही," भाऊजी पुटपुटले आणि गुडघ्यांवर बसले.

आधी वायर बदलली. खरखर तशीच. माईक पुढच्या खाचेतून काढून मागच्या खाचेत लावला. तशीच. मोबाइलचा चार्जर काढला, पलीकडच्या खोलीतला फ्रिज बंद केला. दुकानातून आणलेला वीजपुरवठ्याचा नवा डबा जोडला. शेवटी त्यांनी पिशवीतून हातभर वायरीचं बाहेरचं साउंड कार्ड काढलं आणि वाजतगाजत टेबलावर ठेवलं. "हे ब्रह्मास्त्र. याच्यापुढे खरखरीचा बाप टिकणार नाही."

मग माईकसमोर स्वतःच बोलले, "एक, दोन, वहिनी चहा कधी देणार." वाजवून पाहिलं. काचेसारखं स्वच्छ.

"बघा! गेली."

वहिनींनी एक पान वाचलं. एकदा जीभ अडखळली, एकदा खोकला आला. नेहमीप्रमाणे त्यांनी ते तुकडे कापले, जागा भरल्या आणि हेडफोन दिराकडे दिले.

भाऊजींचा चेहरा उतरला. "आली परत. मी बोललो तर नाही, तुम्ही हात लावला की आली. वहिनी, आता अर्थिंग तुमच्या हातालाच द्यावं लागेल."

पण वहिनी हसल्या नाहीत. त्यांचा हात माऊसवर तसाच थांबला होता.

आता हे कापणं आणि भरणं काय, ते सांगायला हवं. खोकला कापून तिथे नुसतं काहीच ठेवलं नाही, तर ऐकणाऱ्याच्या कानाला खड्ड्यात पाय पडल्यासारखं होतं. कारण कुठलीही खोली कधी पूर्ण गप्प नसते. तिचा स्वतःचा एक सूक्ष्म श्वास असतो. म्हणून वाचणारे लोक आधी खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करून ठेवतात आणि तिचेच तुकडे ठिगळासारखे लावतात. ही शांतता अधूनमधून नव्याने घ्यायची असते. वहिनींनी गेल्या वर्षभरात ती घेतलीच नव्हती. रिकाम्या खोलीत माईक लावून गप्प बसायचं, हे त्यांच्याच्याने झालं नाही. जुनी आहे की, तीच तर खोली, असं म्हणत त्या नवऱ्याच्या हयातीतल्या शांततेवर दिवस काढत होत्या.

त्यांनी ती जुनी शांतता उघडली. आवाज पार वर नेला. हेडफोन काढून स्पीकर लावले.

आधी सळसळ. मग वेताच्या खुर्चीची एक बारीक कुरकुर. कुणीतरी रोखून धरलेला श्वास. आणि मग, अगदी सावकाश, कट्. थोडं थांबून, कट् कट्.

भाऊजी उठून उभे राहिले. खुर्चीपासून दोन पावलं मागे सरकले.

"आधी अंगठा," ते म्हणाले. थट्टेचा सूर कुठल्या कुठे गेला होता. "मग मधली दोन. लहानपणापासून अशीच बोटं मोडायचा दादा. आई ओरडायची, घरात अवदसा आणशील म्हणून."

"मी सांगायचे, अहो, नुसतं बसा, श्वाससुद्धा धरून ठेवा. मी 'झालं' म्हटलं की सोडा. श्वास धरायचे बिचारे. बोटांचं भान राहायचं नाही."

"म्हणजे वर्षभर प्रत्येक पानात…"

"मीच लावत होते त्यांना. माझ्या हाताने."

 मग भाऊजींनी नवा डबा गुपचूप काढून जुना परत जोडला, साउंड कार्ड गुंडाळून पिशवीत टाकलं. "पेटीला काही झालेलं नाही, वहिनी. ठणठणीत आहे. तुम्ही फक्त चांगले हेडफोन घ्या. माझेच ठेवा. आणि शांतता नवीन घ्या. मी बाहेर थांबतो, उगाच माझं पोट गुरगुरलं तर पुढचं वर्षभर माझी तक्रार यायची."

वहिनींनी शांतता नवीन घेतली. वाजवून पाहिली. स्वच्छ होती, पातळ, हलकी, सामान हलवल्यावर रिकाम्या घराची वाटते तशी. आधीच वाचून ठेवलेल्या प्रकरणाला तिची ठिगळं लावून ते पाठवलं, आणि भाऊजींचा चहा संपायच्या आत ग्रंथपालबाईंचा फोन आला. "अगदी स्वच्छ! पुस्तक तुमच्याकडेच हं."

भाऊजी गेले. जाताना कपडे पुन्हा खुर्चीवर ठेवायचे विसरले.

उन्हं उतरायला लागली होती. उजेड आहे तोवर पुढचं प्रकरण सुरू करावं म्हणून वहिनी बसल्या. पेटीला नमस्कार केला, भाऊजींचे हेडफोन चढवले. कॉम्प्युटरच्या पडद्यावरची, आवाज मोजणारी हिरवी पट्टी त्यांच्या आवाजाबरोबर वर चढत होती, त्या थांबल्या की तळाला जात होती. गोष्टीतला राखणदार दिव्याची काच पुसत होता. परिच्छेद संपला. वहिनी थांबल्या. पट्टी तळाला गेली.

कट्.

पट्टी टिचभर उडाली. अजून एकही ठिगळ लावलं नव्हतं. हे आत्ता, याच खोलीत, माईकने ऐकलेलं होतं.

कट् कट्.

 खुर्ची उजव्या हाताला होती. वहिनींनी मान वळवली असती तर दिसली असती. त्यांनी वळवली नाही. मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, आणि त्या नावाच्या पाठोपाठ, इतक्या वर्षांची जिभेची सवय, तोंडून आलं,

"अहो, रेकॉर्डिंग चालू आहे."

पट्टी तळाला गेली ती गेलीच. आवाज म्हणून उरला नाही. पण ही मघाची पातळ शांतता नव्हती. ही जड होती, उबदार, भरलेली. वहिनींचे कान ती ओळखत होते.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. वाक्यांमागून वाक्यं गेली, परिच्छेदांमागून परिच्छेद, आणि प्रत्येक विरामात खोली दम धरून राहिली. एकदाही कुठे काही मोडलं नाही. एवढं सलग, एवढं न अडखळता त्यांनी वर्षभरात वाचलं नव्हतं. प्रकरण संपलं. काच लख्ख झाली, दिवा लागला.

वहिनींचं बोट बटणावर गेलं आणि थांबलं. एवढा वेळ कुणाला श्वास धरून बसवायचं म्हणजे काय! त्यांचा स्वतःचाच जीव घुसमटल्यासारखा झाला.

"झालं," त्या माईककडे बघत म्हणाल्या. "सोडा आता."

हिरवी पट्टी सावकाश वर चढली, खूप वर, आणि तितक्याच सावकाश खाली उतरली. मग वेताच्या खुर्चीवरून कुणीतरी उठावं तशी एक कुरकुर झाली.