नाव खोटं, गाव खरं

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे, आणि सुरुवातीलाच कबूल करून टाकते की मी एक नंबरची खोटारडी आहे. तेरा वर्षं मी लोकांच्या तोंडावर खोटं बोलले, तेही निळ्या शाईत, आणि मला जराही लाज वाटत नाही. आता नीट बसा, सगळं सांगते.

बर्मिंगहॅममध्ये एक आयरिश क्लब आहे. त्याच्या दाराशी, कोट टांगायच्या खुंट्यांखाली एक टेबल आहे, त्यावर मी असते. माझ्या शेजारी दोरीने बांधलेलं पेन. ते पेन आजवर चार वेळा चोरीला गेलं. मला कोणी हात लावला नाही. वहीला कोण विचारतो?

माझा जन्म एका छापखान्यात झाला. जाड कागद, लाल पुठ्ठा, चारशे पानं. माझ्याबरोबरची एक बहीण हॉटेलात गेली, एक दातांच्या दवाखान्यात. तिच्यात सगळे कण्हत कण्हत नाव लिहितात म्हणे. मी नशीबवान, माझ्यात लोक हसत लिहितात.

काम सोपं होतं. क्लबचा सभासद व्हायचं तर आईबापांपैकी किंवा आजीआजोबांपैकी कोणीतरी आयर्लंडचं हवं. बाकीचा माणूस पाहुणा. पाहुण्याला आत न्यायचं तर सभासदाने त्याला माझ्यात लिहायचं. तीन रकाने: पाहुण्याचं नाव, गाव, आणि नेणाऱ्याची सही. सही केली म्हणजे काय? तर या माणसाची जबाबदारी माझी. याने ग्लास फोडला तरी माझी, गाणं म्हटलं तरी माझी.

सुरुवातीचं वर्ष झकास गेलं. लग्नं, बारशी, कॉर्कहून आलेल्या आत्या. सगळे माझ्या कागदावर हात फिरवून म्हणायचे, वा, काय वही आहे! मी फुगून बसायचे.

मग एका बुधवारी फिनबार आला, आणि त्याच्या मागून उदय.

फिनबार म्हणजे रिटायर झालेला बस ड्रायव्हर. अठराव्या वर्षी आयर्लंड सोडून इथे आला आणि इथेच म्हातारा झाला. आणि उदय फडतरे साताऱ्याचा, त्याच बस डेपोत इंजिनं दुरुस्त करणारा. वीस वर्षं एकाने बस बिघडवली आणि दुसऱ्याने दुरुस्त केली, असं दोघंही सांगायचे. फक्त बिघडवणारा कोण, यावर एकमत नव्हतं. फिनबारने त्याला पत्ते खेळायला आणलं होतं. 'पंचवीस' नावाचा आयरिश डाव. मेंढीकोटावर वाढलेल्या माणसाला तो शिकायला किती वेळ लागणार? तिसऱ्या बुधवारी उदयने सगळ्या टेबलाला लोळवलं. त्या टेबलावर कॉन नावाचा एक लांबुडका माणूस बसायचा. तो इतका चिडला की पुढच्या बुधवारी अर्धा तास आधीच येऊन बसला.

सगळं मजेत चाललं होतं, मार्च संपेपर्यंत. कारण क्लबात सगळे सांगायचे की एक पाहुणा वर्षातून बाराच वेळा येऊ शकतो.

"आजची माझी तेरावी वेळ," उदय दारातच थांबून म्हणाला. "मी घरी जातो. जानेवारीत भेटू."

"तुझी तेरावी," फिनबार पेन उचलत म्हणाला. "मायकल ओब्रायनची पहिली."

"हा कोण मायकल?"

"तूच की. कोट काढ."

उदयला हसू आवरेना. "आणि गाव? गावपण तुझंच घालणार का?"

"डोनेगल घालू? छान समुद्र आहे."

"नाही हां," उदय म्हणाला. "नाव काय हवं ते लिही. गाव माझं राहू दे. आमच्या आजोळचं लिही, म्हसवड."

अशी मी खोटारडी झाले, मित्रांनो. मायकल ओब्रायन, म्हसवड. पॅट्रिक मॉरन, कोरेगाव. टॉम गॅलाहर, रहिमतपूर. नाव खोटं, गाव खरं. दर बुधवारी दोघं दारात उभे राहून शाळेतल्या पोरांसारखे खिदळायचे. एकदा लग्नाला आलेल्या एका बाईंनी पान वाचून विचारलं, "हे वडूज कुठे आलं? आयर्लंडात केरीच्या बाजूला का?"

"त्याच्या जरा पुढे," उदय गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "मध्ये एसटी बदलावी लागते."

एकदा एका पाहुण्याने माझ्यावर बिअरचा ग्लास लवंडला. माझी शिवण सुटली, पानं लोंबायला लागली. क्लबात दोन आठवडे कोणाला त्याचं काही नाही. शेवटी उदयने मला पिशवीत घालून घरी नेलं. त्याच्या बायकोने, मधुमतीने, मला सुईदोऱ्याने शिवलं आणि वर शाळेच्या वहीला घालतात तसं खाकी कव्हर घातलं. मी त्यांच्या स्वयंपाकघरात दोन दिवस होते. मराठी मी तिथेच शिकले.

त्यांची मुलगी सिया युनिव्हर्सिटीतून आली होती. तिने मला चाळलं. "बाबा, हा मायकल म्हसवडचा आहे? म्हसवडमध्ये आयरिश लोक राहते?"

"राहतात," मधुमती म्हणाली. "तुझे बाबा त्यांच्यातले एक. अहो, हे काय लिहून ठेवलंय? उद्या पकडलं तर?"

"कोण पकडतंय?"

"पकडणाऱ्याला काही काम नसलं की तो पकडतोच. तिथे चार माणसं आहेत ना तुमच्या टेबलावर? त्यांना सांगा सही करायला."

तिचं म्हणणं उदयने पुढच्या बुधवारी फिनबारच्या कानावर घातलं. फिनबारचं हसू गेलं. तो कोटाच्या खुंटीला धरून उभा राहिला.

"इथे सत्तरच्या दशकात बॉम्ब फुटले," तो म्हणाला. "माणसं गेली. ठपका आम्हा सगळ्या आयरिश लोकांवर. त्यानंतर दोन वर्षं मी बसमध्ये तोंड उघडलं नाही. तोंड उघडलं की आयरिश आहे हे कळायचं ना. फिनबार नाव टाकलं, फ्रँक झालो. गाव विचारलं तर वेल्समधलं कार्डिफ सांगायचो. गप्प होण्याआधी एका शेजाऱ्याला म्हटलं होतं, माझ्यासाठी कामावर चार शब्द बोल. वीस वर्षांची ओळख. तो म्हणाला, जमणार नाही. तेव्हापासून मी कोणाला विचारत नाही, उदय. विचारलं की समोरचा नाही म्हणू शकतो."

"म्हणजे त्यापेक्षा खोटं बोललेलं बरं?"

"खोट्याला कोणी नाही म्हणत नाही. आज तू शॉन. गाव बोल."

"फलटण," उदय म्हणाला. पण त्या दिवशी दोघं खिदळले नाहीत.

वर्षं गेली. मधली करोनाची सुट्टी सोडली तर बुधवार चुकला नाही. अलीकडे क्लबातल्या टीव्हीवर आयर्लंडच्या बातम्या यायच्या. डब्लिनमध्ये रस्त्यावर बोर्ड घेऊन माणसं उभी, बाहेरचे नकोत म्हणून. क्लबचा अध्यक्ष डेक्लन, जन्मभर बांधकामावर राबलेला, ग्लास आपटून म्हणाला, "आयर्लंड भरलं! आता जागा नाही."

"कशी नाही?" फिनबार पत्ते पिसत म्हणाला. "आपण दोघं निघून आलो, त्या दोन जागा आहेत की."

सगळे हसले. डेक्लनसुद्धा, थोडासा.

फेब्रुवारीत फिनबार गेला. झोपेत गेला. त्या बुधवारी उदय दारापर्यंत आला, माझ्याकडे बघितलं, खुंटीवरच्या रिकाम्या जागेकडे बघितलं आणि परत फिरला. त्याच्यासाठी सही करणारं कोणी उरलं नव्हतं. मग तो आलाच नाही.

क्लबात हसणारं कोणी राहिलं नाही, तेव्हा डेक्लनला शंका यायला लागल्या. आपल्याकडे येतं तरी कोण, हे बघायला पाहिजे, असं म्हणून त्याने मला कपाटाशी नेलं, चष्मा लावला आणि मोजायला बसला. आणि मित्रांनो, तेरा वर्षांनी पहिल्यांदाच मला घाम फुटला.

रविवारी दुपारी कमिटी बसली. उदयला बोलावणं गेलं होतं. तो मधुमतीला घेऊन आला. दोघंही इस्त्रीचे कपडे घालून, लग्नाला यावं तसे. नवीन सेक्रेटरी नोरीन टेबलाच्या टोकाला होती. ती फिनबारची मुलगी. कॉन भिंतीला टेकून उभा होता. आणि खुर्चीवर, कागदात गुंडाळलेला, फिनबारचा मोठा फोटो. तो दाराशी लावायचा ठरलं होतं.

"चारशेच्या वर माणसं," डेक्लन म्हणाला. "सगळी बुधवारी आलेली. एकही दुसऱ्यांदा आलेला नाही. नऊ जण तर या म्ह... म्हस..."

"म्हसवड," मधुमती म्हणाली.

"हे कोणी लिहिलं ते मला हवंय. ज्याने लिहिलं त्याला क्लबचं दार बंद. आणि फिनबारने लिहिलं असेल तर हा फोटो भिंतीवर चढणार नाही. मेलेला असो नाहीतर जिवंत, नियम सगळ्यांना एकच."

नोरीनने मान खाली घातली. उदय उभा राहिला.

"मी लिहिलं."

मधुमतीने त्याची बाही ओढली. "अहो, काय बोलताय?" ती मराठीत पुटपुटली.

"गप बस ना," तो तसाच पुटपुटला. "फोटो लागू दे त्याचा. पत्ते काय, मी घरी खेळीन तुझ्याशी."

"माझ्याशी तुम्ही हरता."

"तू लिहिलंस?" डेक्लन म्हणाला. "सगळं?"

"सगळं. फिनबार फक्त शेवटी सही करायचा. त्याने बघितलंसुद्धा नाही. साधा माणूस होता."

इथे कॉन खोकला. फिनबारला साधा म्हणणारा माणूस त्या क्लबात अजून जन्मायचा होता.

नोरीनने मान वर केली. मला उघडलं, कोरं पान काढलं आणि उदयच्या पुढ्यात ठेवलं. "लिही मग. एक ओळ लिही."

उदयने पेन घेतलं. बसचं इंजिन खोलणारा त्याचा हात, माझ्या अंगावर अडखळत चालला. उदय फडतरे, म्हसवड. ठेंगणी, सरळ, शाळेत गिरवलेली अक्षरं. आणि वरच्या पानावर होती फिनबारची लांबलचक, झुकलेली, शेपट्या उडवणारी अक्षरं. आंधळ्यालासुद्धा फरक कळला असता.

"ही माझ्या बाबांची अक्षरं आहेत," नोरीन म्हणाली. "वाढदिवसाच्या कार्डावर मी पन्नास वर्षं बघत आलेय. खोटं बोलायचं तर नीट बोल, उदय. तुला जमत नाही."

डेक्लन फोटोकडे हात न्यायला लागला.

"थांब," नोरीन म्हणाली. तिने पर्समधून एक पातळ पुस्तिका काढली. "सेक्रेटरी झाले तेव्हा मला ही कपाटात मिळाली. क्लबचे नियम. कोणी वाचलेत? मी काल रात्री वाचले." आणि ती मोठ्याने वाचायला लागली. "एका सभासदाने एकाच पाहुण्याला वर्षातून बारापेक्षा जास्त वेळा आणू नये."

"तेच तर म्हणतोय मी," डेक्लन म्हणाला.

"एका सभासदाने, डेक्लन. बुधवारच्या टेबलावर पाच सभासद बसत होते. बारा पंचे साठ. वर्षात बुधवार बावन्न. एकही खोटं नाव लागलं नसतं. बाबांनी फक्त बाकीच्यांना विचारायला हवं होतं."

डेक्लनने पुस्तिका ओढून घेतली आणि तेच वाक्य पुन्हा वाचलं. मला तर स्वतःच्याच पानांची कीव आली. चारशे माणसं जन्माला घातली आम्ही, एक प्रश्न विचारायचा नाही म्हणून!

कॉन भिंतीपासून पुढे आला. "तेरा वर्षं याच्या समोर बसलो मी," तो उदयकडे बोट दाखवून म्हणाला. "मला का नाही विचारलं?"

"विचारलं असतं तर केली असतीस सही?" उदयने विचारलं.

कॉन दाढी खाजवायला लागला. "पहिल्या वर्षी नसती केली," तो म्हणाला. "खरं सांगतो. तू कोण, कुठला, मला काय माहीत? दुसऱ्या वर्षी केली असती."

"दुसऱ्या वर्षी का?"

"तोवर तू मला अकरा वेळा हरवलं होतंस. असा माणूस हातातून सोडत नाहीत."

फोटो लावायच्या बाजूने कमिटीने हात वर केले. डेक्लनचा हात वर गेला नाही. फोटो तरीही लागला. खिळा ठोकायला हातोडा मात्र डेक्लननेच आणून दिला, आणि खिळा वाकडा ठोकला म्हणून कॉनला शिव्याही दिल्या.

मग कॉनने माझ्याकडे मोर्चा वळवला. उदयने लिहिलेल्या ओळीत तिसरा रकाना अजून रिकामा होता. कॉनने त्यात सही केली. "एप्रिल आणि मे माझे," तो म्हणाला. "पुढचं नोरीन बघेल."

"जुलै मी घेतो," डेक्लन भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "जुलैत निम्मा क्लब आयर्लंडला सुट्टीवर जातो. टेबलाला भिडू लागतो. दुसरं काही नाही."

"दुसरं काही नाही," उदय म्हणाला.

परवाच्या बुधवारी पहिल्यांदा उदयचं नाव कॉनने स्वतः लिहिलं. फडतरे लिहिताना दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा जमलं. उदय शेजारी उभा राहून एकेक अक्षर सांगत होता, आणि कॉन म्हणत होता, "हळू बोल रे, ही काय रेल्वेची घोषणा आहे का?"

तर मित्रांनो, माझी थोडीच पानं उरलीत. माझ्यावर ओला ग्लास ठेवू नका, पानांचे कान दुमडू नका, फाटले तर शिवा. वहीची एवढीच मागणी. आणि दाराशी कोणी कोट न काढता उभा दिसला, तर तो विचारेल याची वाट बघत बसू नका. विचारायला त्याला माझ्याइतकीच वर्षं लागतील. तुम्हीच पेन उचला आणि त्याला त्याचं नाव विचारा. खरं.