गुरुवारच्या चुका

इंद्रजीत गेला त्यानंतर काही महिन्यांनी त्याचे वडील नानासाहेब प्रयोगशाळेत आले, ते त्याचा डबा आणि जर्किन न्यायला. फुलंब्रीहून एसटी, मग पैठण रोडला शेअर रिक्षा, मग चितेगावच्या अलीकडं उतरून पायी. इंद्रजीत हाच रस्ता मोटारसायकलीनं रोज करायचा. उन्हाळ्यात एका वळणावर समोरून ट्रक आला आणि तो घरी पोचलाच नाही.

त्याच्यासोबत काम करणाऱ्या अदीबानं सामान पिशवीत भरून दिलं. नाना निघाले नाहीत. छताला टांगलेल्या उंच पांढऱ्या नळकांड्याकडं बघत राहिले.

"हेच व्हय त्याचं मशीन?"

"हो, नाना. हा फ्रिजच आहे. पण याच्या तळाशी आकाशातल्या पोकळीपेक्षाही जास्त थंडी असते."

"बसू का जरा?"

नळकांड्याला खेटून इंद्रजीतची खुर्ची होती. नाना तिच्यावर बसले, आणि पुढं दर गुरुवारी येऊन बसू लागले. प्रयोगशाळेच्या प्रमुख मेघा मॅडमनी हरकत घेतली नाही. नको म्हणायला कुणाचा जीव धजला असता?

त्या थंडीत नखाएवढी चिप होती. तिच्यावरच्या धातूच्या रेघांमधून वीज विरोधाशिवाय वाहते, आणि त्या रेघांचे बनवलेले क्यूबिट माहिती धरून ठेवतात. पण ते फार हळवे. कशानंही चुकतात. म्हणून एकच माहिती अनेक क्यूबिटांत वाटून ठेवायची, आणि शेजारच्या क्यूबिटांनी सतत विचारत राहायचं, तुमचं आपसात जुळतंय ना? जिथं जुळत नाही तिथं हिरव्या पडद्यावर लाल ठिपका उमटतो. इंद्रजीतनं लिहिलेला प्रोग्राम ते ठिपके बघून कोण चुकलं ते ओळखायचा आणि दुरुस्त करायचा. अट एकच होती, चुका सुट्या सुट्या याव्यात.

पावसाळा संपता संपता त्या झुंडीनं यायला लागल्या. हिरवा पडदा एकदम लालभडक व्हायचा आणि हळूहळू निवळायचा. आधीही असं क्वचित होई, पण आता ते वाढलं होतं. अदीबानं तारा तपासल्या, पंप तपासला. मग एकदा सगळी नोंद समोर घेतल्यावर तिच्या ध्यानात आलं की हे गुरुवारी होतंय. नाना बसलेले असतात तेव्हा.

पुढच्या गुरुवारी दुपारी ती पडद्याऐवजी नानांकडंच बघत बसली. नाना खुर्चीत टेकून बसले होते. पडदा लाल झाला तसे ते दचकले.

"हे काय झालं गं?"

"एकदम सगळे चुकले."

नाना नळकांड्याकडं वळले. त्यांनी थंड पत्र्यावर तळवा टेकवला आणि अगदी हळू, घरातल्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "आलास व्हय रे?"

पडदा पुन्हा लाल झाला.

अदीबाच्या अंगावर सरसरून काटा आला. ती भौतिकशास्त्र शिकली होती, पण त्या घटकेला तिला वाटलं की इंद्रजीत खोलीत आहे आणि आपण मान वळवली तर दिसेल. तिनं मान वळवली नाही.

घरी तिनं अम्मीला सांगितलं. अम्मीनं हातातली भाजी बाजूला ठेवली. "गए सो लोगां का नाम लेके मशीन के सामने नक्को बैठ, बेटा."

पण बसणं तर तिचं कामच होतं. आठवडाभर ती त्या खुर्चीला वळसा घालून चालली. शेवटी तिला स्वतःचाच राग आला; अशा झुंडी किरणोत्सर्गानंही येतात हे आठवून तिनं विद्यापीठातल्या मैत्रिणीकडून किरणं मोजायचं यंत्र आणलं. गुरुवारी नाना आल्यावर ती ते हातात धरून खोलीभर फिरली. भिंतीपाशी सावकाश टकटक. नळकांड्यापाशी तेवढीच. नानांच्या जवळ येताच यंत्र कडकडायला लागलं.

"नाना, खिशात काय आहे?"

नानांनी बंडीच्या आतल्या खिशातून जुनं घड्याळ काढलं. जाड आकडे, पिवळट पडलेली तबकडी. त्यांचे वडील निजामाच्या पोलिसात जमादार होते, त्यांचं हे.

"माझ्या लहानपणी अंधारात चमकायचं. आता नाय चमकत. इंद्रजीतनं लई वेळा मागितलं. मी म्हनलं, माझ्यामागं तुझंच हाय. म्हनून घेऊन येतो इथं."

अदीबा त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसली. काही न सांगता घड्याळ घरी ठेवायला लावता आलं असतं. पण ते इंद्रजीतचे वडील होते.

"नाना, या आकड्यांना रेडियम लावलेलं आहे. त्यावरचा चमकणारा रंग मेला, पण रेडियम अजून किरणं सोडतंय. ती पत्र्यातून आरपार जातात. चिपला धक्का बसतो आणि सगळे क्यूबिट एकदम चुकतात."

नानांनी अंगठ्यानं घड्याळाची तबकडी पुसली.

"म्हंजी तो नव्हता."

"नाही, नाना."

"हे घरी ठेवलं तर लाल व्हनारच नाय?"

"होईल. कधीतरी. आकाशातूनही अशी किरणं येतात."

मेघा मॅडमना हे कळल्यावर त्या वेगळंच म्हणाल्या. झुंडीनं येणाऱ्या चुका प्रोग्रामला ओळखता येत नाहीत, आणि त्या हव्या तेव्हा घडवता येतील असं साधन आयतंच खोलीत येतंय. नानांना विचारलं. ते म्हणाले, "त्याचं काम पुढं जानार असंल तर आनतो." मग हिवाळाभर ते घड्याळ शिशाच्या डबीत घालून आणत. अदीबा सांगेल तेव्हा डबी उघडत, सांगेल तेव्हा मिटत. ती इंद्रजीतच्या प्रोग्राममध्ये भर घालत होती. झुंड आली की क्षणात ओळखायची, तेवढ्या वेळाची नोंद टाकून द्यायची आणि पुढं जायचं.

एका गुरुवारी नानांनी डबी उघडली आणि पडदा हिरवाच राहिला. किरणं येत होती, चिप चुकत होती, पण माहिती शाबूत होती. मॅडमनी टाळी वाजवली. अदीबा हसली आणि तिनं नानांकडं पाहिलं.

"जमलं व्हय?" नाना म्हणाले.

"जमलं, नाना."

"चांगलं झालं." त्यांनी डबी मिटली. "आता तो आला तरी तुमचं मशीन त्याला बाजूला सारनार."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता.

पुढच्या गुरुवारी नाना आले नाहीत. तिनं फोन केला. शेतात काम निघालंय म्हणाले, तिच्या अम्मीची चौकशी केली, आणि फोन ठेवला. त्यानंतरही आले नाहीत.

हिरव्या पडद्यापुढं बसून अदीबाचं आता कामात लक्ष लागेना. एका दुपारी तिनं प्रोग्राम बंद केला आणि चिप जे सांगतेय ते तसंच्या तसं पडद्यावर येऊ दिलं. मेघा मॅडम दारातून आत आल्या.

"दुरुस्ती बंद आहे का?"

"थोडा वेळ, मॅडम."

मॅडमनी पडद्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. त्यांनी आवाज न करता स्टूल ओढलं आणि शेजारी बसल्या. बाहेर शेजारच्या कंपनीची पाळी सुटली, गाड्यांचा आवाज आला आणि विरला. किती वेळ गेला कुणास ठाऊक, पडदा लाल झाला. रिकाम्या खुर्चीशेजारी, खोलीत घड्याळ नसताना.

"आकाशातून," अदीबा म्हणाली.

मॅडमनी मान डोलावली. दोघी उठल्या मात्र नाहीत.