ओढ्यापलीकडं

सुभेदार आकाराम फौजेतून निवृत्त होऊन गावी आले ते गोल्फच्या काठ्यांची जुनी पिशवी खांद्याला लावूनच. शेवटची काही वर्षं छावणीतल्या गोल्फच्या मैदानाची देखभाल त्यांच्याकडे होती. गवत राखता राखता खेळायला शिकले आणि त्या खेळानं त्यांना जे धरलं ते सोडलंच नाही. औंधजवळच्या त्या गावात खेळायला जोडीदार कोण मिळणार? घरामागच्या माळावर चटई टाकायची आणि ओढ्याच्या दिशेनं चेंडू मारायचे, हा त्यांचा रोज सकाळचा नेम झाला.

ओढ्यापलीकडं अल्लाबक्षचं घर. तो आठवडी बाजारात बांगड्या विकायचा आणि त्याची बायको नूरजहां घरी शिवणकाम करायची. सुरुवातीलाच अल्लाबक्ष येऊन भीत भीत विचारून गेला होता, "सुभेदार, ह्यो चेंडू आमच्या घराकडं तर यायचा न्हाई?"

"तू बिनघोर ऱ्हा गड्या," आकाराम म्हणाले होते. "माझा चेंडू ओढ्यापतूर बी पोचत न्हाई."

ते खरंच होतं.

मग हिवाळ्यात सांगलीचा पुतण्या वीरधवल त्यांना पुण्याला एका सामन्याला घेऊन गेला. तिथं एका तळ्यावरून चेंडू पलीकडं काढायचा होता. वीरधवलनं आठ नंबरची आयर्न, म्हणजे लोखंडी डोक्याची काठी, घेऊन चेंडू सहज पार नेला. आकारामनी त्याहून लांब मारणारी सहा नंबरची घेतली, तरी चेंडू पाण्यात. दुसराही पाण्यात. मागून कुणीतरी म्हणालं, "सुभेदार, लोखंड आता तुम्हाला जड झालं." सगळे हसले. वीरधवलही हसला. परतीच्या वाटेवर आकाराम खिडकीबाहेर बघत बसले.

घरी आल्यावर त्यांनी मोबाइलवर शिकवणारे व्हिडिओ बघायला सुरुवात केली. आपली चूक त्यांना कळली. चेंडू उचलायच्या नादात ते मागच्या पायावर रेलायचे आणि काठी चेंडूखालून पळीसारखी घालायचे. चेंडू उंच जायचा आणि जवळच पडायचा. आता ते वजन डाव्या पायावर आणायला शिकले. कंबर आधी वळवायची, हात चेंडूच्या पुढं ठेवायचे, काठी आधी चेंडूला लागली पाहिजे आणि मग चटईला. पहिले काही आठवडे चेंडू सशासारखे जमिनीवरून पळाले. त्यांच्या पत्नी मनुबाई दारातून बघायच्या आणि म्हणायच्या, "कंबर धरली तर मला हाक मारू नगा." पण एका सकाळी काठीचा आवाज बदलला. भरीव, घट्ट आवाज आला आणि चेंडू फार उंच न जाता सरळ लांब गेला.

मग चेंडू ओढ्यात पडायला लागले. आकाराम ते वाळूतून वेचून आणायचे आणि मनात हरखायचे. चटई फिरवून तोंड दुसरीकडं करावं, हे त्यांच्या मनात आलं होतं. आलं नव्हतं असं नाही. पण ओढा ही त्यांची खूण होती. दुसरीकडं नुसता माळ; तिथं किती लांब गेला ते कसं कळणार?

त्या दिवशी वारा पाठीमागून होता. सात नंबरची आयर्न इतकी नेमकी बसली की हाताला धक्का जाणवलाच नाही. चेंडू ओढ्यावरून, बाभळींवरून पलीकडं गेला. आकारामनी लगेच वीरधवलला फोन लावला. "अरं, सातनं ओढा पार केला," ते म्हणाले. "आता सांग त्यास्नी, लोखंड कुणाला जड झालंय."

बोलता बोलताच त्यांना बाभळींतून अल्लाबक्ष पळत येताना दिसला.

नूरजहां अंगणात कपडे वाळत घालत होती. वर केलेल्या हाताच्या मनगटावर चेंडू बसला होता. आकाराम पोचले तेव्हा ती दोरीपासून दूर, ओट्यावर हात पोटाशी धरून बसली होती. चेहरा पांढराफटक.

"भाभी, कुठं उभ्या हुता तुमी?" त्यांनी विचारलं.

तिनं दुसऱ्या हातानं दोरीचं टोक दाखवलं. आकारामनी तिकडं बघितलं, मग वळून बाभळींकडं, आणि बाभळींपलीकडं माळाकडं. एवढं बघून झाल्यावर त्यांची नजर तिच्या मनगटाकडं गेली. मनगट वाकडं झालं होतं.

त्यांनी आपल्या गाडीतून दोघांना साताऱ्याला नेलं. हाड मोडलं होतं. प्लास्टर होईपर्यंत आकाराम बाहेर बाकावर बसले. खिशातला फोन सारखा वाजत होता. वीरधवलनं ती बातमी सगळ्या खेळणाऱ्यांना कळवली होती आणि एकामागून एक निरोप येत होते. "सुभेदार, मानलं तुम्हाला." "ओढा पार. पुढच्या सामन्याला तळं पार." शेजारी बसलेल्या अल्लाबक्षनं विचारलं, "घरचा फोन हाय का? उचला की." आकारामनी फोन बंद केला. त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या.

अल्लाबक्ष गावात सगळ्यांना सांगत राहिला, की सुभेदारांनी काय मुद्दाम केलं नव्हतं, आणि बिचाऱ्यांनी सगळं सोडून दवाखान्यात नेलं. दोन दिवसांनी तो चेंडू धुऊन, पुसून घेऊन आला. "भारीतला दिसतोय," म्हणाला. आकारामना तो हातात घेववेना. त्यांनी खुर्चीवर ठेवायला सांगितलं.

शेवटी एका दुपारी ते ओढा ओलांडून गेले. नूरजहां एकटीच ओट्यावर होती. शेजारी न शिवलेल्या कापडाची चळत होती.

"भाभी," ते उभ्यानंच म्हणाले, "त्या दिवशी मी तुमाला इचारलं, कुठं उभ्या हुता. ते तुमच्या काळजीनं न्हवतं. चेंडू किती लांब आला ते बघत हुतो मी."

"ठावं हाय, भाऊ," ती म्हणाली. "तवाच कळलं मला. तुमी जमीन बघत हुता."

"अल्लाबक्षला सांगितलं न्हाई?"

"काय सांगू? त्यो तुमाला लय मानतो."

ती रागावली असती, तर आकारामना पुढचं काही सुचलं असतं. तिनं नुसतं प्लास्टरचा हात मांडीवर नीट ठेवला आणि म्हणाली, "चटई तेवढी फिरवा. हितं पोरंबाळं बी येत्यात."

"काठ्या बांधून ठेवल्या, भाभी."

"ते तुमचं तुमी बघा. तोंड फिरवा एवढंच माझं म्हननं."

ती उठून आत गेली. एका हातानं चहा करायला तिला बराच वेळ लागला. भांड्यांचा आवाज ऐकत आकाराम ओट्याच्या कडेला टेकले. तिनं कप पुढं ठेवला. त्यांनी मान खाली घालूनच तो संपवला आणि ती नको म्हणत असताना उठून, हौदावर जाऊन विसळला.